वापसा बघा, मगच गाडी पांदणीत घाला

आमचा आखाडा (शेतातली वस्ती) गावापासून पावणेदोन किलोमीटरवर आहे. पहिला किलोमीटर डांबरी, पुढची पांदण, म्हणजे रानात जाणारी कच्ची वाट. चैत्र-वैशाखात ही पांदण तीन मिनिटांची. हस्ताचा पाऊस पडून गेला की ट्रॅक्टरवालाही तिच्या तोंडाशी थांबतो, खाली उतरून बघतो आणि मगच गिअर टाकतो. परभणी जिल्ह्यात गंगाथडीला कुठल्याही गावात हीच गत आहे. (गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.)

चार वर्षांपूर्वी ऐन सोयाबीनच्या राशीत मी याच पांदणीत बोलेरोची क्लचप्लेट जाळली. मळणीयंत्र आखाड्यावर येऊन उभं होतं, बारदाना माझ्या गाडीत होता. आदल्या दिवशी पाऊस झालेला, सकाळी लख्ख ऊन. माती वरून सुकल्यासारखी दिसत होती. दीडशे फूट गेलो आणि मागची चाकं जागेवर फिरायला लागली. मी एक्सलेटर दाबला. मग अजून दाबला. शेजारच्या रानातले आबा बांधावर येऊन उभे राहिले.

"भाऊ, काल का नाही आलात?"

"काल पाऊस होता ना, आबा."

"म्हणून तर म्हणतो. काल धकली असती. आज लई चिटकतंय. न्हाईतर परवा यायचं, वापसा झाल्यावर."

तोवर गाडीत जळक्या रबरासारखा वास भरला होता. प्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग, सगळा सेट बदलावा लागला. वापसा म्हणजे माती ओलसर पण मोकळी होणं. आबांचं ते एक वाक्य मात्र पुढं प्रत्येक पावसाळ्यात कामी आलं. खाली जे लिहितोय ते त्याच वाक्याचा विस्तार आहे, त्यात नंतरच्या फजित्यांची भर पडली इतकंच.

आधी माती ओळखा

चिखलातून गाडी काढण्याचे बहुतेक व्हिडिओ डोंगरातल्या, वाळूतल्या नाहीतर लाल मातीतल्या रस्त्यांचे असतात. आपली काळी माती वेगळ्या स्वभावाची. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ती तयार झाली आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर आहे. या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. पहिले पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात. भेगा मिटल्या की पाणी मुरायचं जवळजवळ थांबतं आणि वरच्या वर राहतं.

गाडीवाल्याच्या दृष्टीनं या मातीच्या चार अवस्था असतात. कोरडी असताना अडचण नाही, फक्त धूळ आणि ढेकळं. वापश्यावर असताना ती ओलसर पण मोकळी असते, चाकाखाली दबते, चाकाला धरत नाही. त्यापेक्षा पाणी जास्त झालं की चिकट अवस्था येते. माती टायरच्या खाचांत भरते, तिच्यावर अजून माती चढते आणि चार फेऱ्यांत टायरचं लोण्याच्या गोळ्यासारखं गुळगुळीत चाक होतं. त्याहून पाणी जास्त झालं की राबडी. राबडी घसरवते, पण चाकाला चिकटून राहत नाही, पाण्यासोबत निघून जाते.

आबा म्हणत होते ते हेच. त्या वर्षी आधी आठ-दहा दिवस उघडीप होती, खालची माती घट्ट होती आणि वर बोटभर राबडी. पडत्या पावसात गाडी घसरत का होईना गेली असती. दुसऱ्या दिवशीच्या उन्हानं वरचं पाणी उडालं आणि माती नेमकी चिकट अवस्थेत आली. वर पापुद्रा सुकलेला, खाली डिंक. माझ्या मते मराठवाड्यात सगळ्यात जास्त गाड्या अशाच ऊन पडलेल्या दुसऱ्या दिवशी फसतात, कारण त्या दिवशी माणसाला धीर येतो. पाऊस आठवडाभर लागून राहिला असेल तर मात्र हा हिशेब विसरा. तेव्हा राबडीखालीही घट्ट काही उरलेलं नसतं.

वापसा बघायची रीत शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातून सुट्टीला येणाऱ्यांसाठी सांगतो. चाकोरीतली चार बोटं खालची माती मूठभर घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा आहे, जा. नुसताच चपटा होऊन पडला किंवा हाताला लडबडून राहिला तर थांबा. दुसरी परीक्षा पायातल्या चपलेची. दहा पावलं चाला आणि चप्पल उचलून बघा. तळाला भाकरी धरली असेल तर टायरलाही धरणार.

सल्ला कुठल्या गावच्या माणसाचा आहे हेही बघा. बालाघाटच्या बाजूला, अंबाजोगाईकडं किंवा पाटोद्याच्या माळावर माती हात-दीड हात आणि खाली मुरूम. तिथला ड्रायव्हर सांगेल, "दाबत राहा, चाक खाली टेकलं की गाडी निघते." त्याच्या गावात ते खरं आहे. गंगाथडीला काळी कित्येक ठिकाणी पुरुषभर खोल जाते. तिथं दाबत राहिलं की चाक टेकायच्या आधी गाडीचं पोट टेकतं.

मग गाडी ओळखा

तीन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात: जोर कुठल्या चाकांना आहे, पोट जमिनीपासून किती वर आहे आणि ओढायचा हुक कुठं आहे.

स्विफ्ट, अर्टिगासारख्या गाड्यांना पुढच्या चाकांचा जोर. इंजिनाचं वजन त्याच चाकांवर असल्यानं त्या थोड्या चिखलात बऱ्या चालतात. बोलेरो आणि पिकअपला मागच्या चाकांचा. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, म्हणून ती ओल्या गवतावरसुद्धा ढुंगण हलवते. हौद्यात मागच्या आसावर चार-पाच पोती टाकली की फरक लगेच कळतो. पण पूर्ण भरलेली पिकअप चिकट मातीत घालू नका, ती रुतली की पोती डोक्यावरून वाहून न्यायची वेळ येते.

पोटाची उंची कंपनीच्या कागदावर स्विफ्टची १६३ मिलिमीटर, बोलेरोची १८०, जिमनीची २१० आणि थारची २२६. स्विफ्टचा आकडा वितीपेक्षाही कमी आहे. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा वीतभर असेल तर स्विफ्टचं चेंबर त्याला घासणारच. या उंचवट्यात एखादा दगड लपलेला असला की ऑईलचं चेंबर फुटतं, आणि ते न कळता इंजिन चालू ठेवलं तर पुढचा खर्च क्लचप्लेटच्या कितीतरी पट असतो.

फोर बाय फोरवाल्यांना एक सांगणं: जोर चिखलात शिरण्याआधी टाका, रुतल्यावर नाही. आणि डांबरीवर आलात की काढा. थार-जिमनीत पुढचा-मागचा आस एकमेकांना जखडला जातो, कोरड्या डांबरीवर वळताना ताण सगळा गिअरबॉक्सवर येतो. फोर बाय फोर आहे म्हणून माणूस दोनशे फूट जास्त आत जातो आणि तिथं रुततो, हेही खरं. मग ट्रॅक्टरही दोनशे फूट जास्त आत आणावा लागतो.

एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी) गाडी असेल तर मॅन्युअलवर घ्या. नाहीतर ऐन चिखलात ती आपल्या मनानं गिअर बदलते आणि गाडीचा रेटा तुटतो. तिच्यातही क्लचप्लेटच असते, जळते तीही.

उतरून चालत जा

हा टप्पा सगळे वगळतात. जाणाऱ्या अंतरातला निदान वाईट भाग तरी पायी बघून या, हातात काठी घ्या. काठी चाकोरीत खुपसा. बोटभर गेली तर ठीक. वीतभर सहज जात असेल तर छोटी गाडी परत फिरवा. चाकोरीतलं पाणी बघा. त्यात ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी अजून दिसत असेल तर माती तग धरून आहे. नक्षी मिटून काठ ढासळले असतील तर तिथं तळ उरलेला नाही.

वळायला जागा कुठं आहे हेही बघून ठेवा. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा चारी असते आणि चारीवर गवत माजलेलं असतं. कडेनं हिरवं दिसतं म्हणून गाडी तिकडं घेतली की चाक थेट चारीत. आमच्या मेहुण्यांनी महालक्ष्म्यांच्या जेवणाला येताना हेच केलं. नवीकोरी गाडी एका अंगावर कलंडलेली, आत जावा-नणंदा भारी साड्यांत आणि मांडीवर पुरणाचं पातेलं. पातेलं वाचलं. डावा दरवाजा आणि आरसा गेला.

हवा

टायरची हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला जास्त लागतो आणि माती कमी कापतो. कारमध्ये ३२-३३ पीएसआय असेल तर २२ ते २४ वर आणा. १८ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटायला लागतो, आणि चिखल आत शिरला की तो टायर तिथं परत बसत नाही. भरलेल्या पिकअपची हवा मात्र कमी करायची नाही, तिच्या टायरवर आधीच वजन असतं.

सिगारेट लायटरच्या खोबणीत लागणारा छोटा कंप्रेसर आणि प्रेशरगेज दोन्ही जवळ असेल तरच हा उपाय करा. कमी हवेत डांबरीवर ऐंशीनं गेलात तर टायर तापतो आणि फुटतो. पंक्चरच्या दुकानापर्यंत जाऊ हळूहळू, असं म्हणणारे पुढं विसरतात. मीही एकदा मानवत गावापर्यंत विसरलो होतो.

शिरताना

ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर दाबून बंद करा. चाक फिरलं की ही यंत्रणा इंजिनाचा जोर तोडते. डांबरीवर ते जीव वाचवतं, चिखलात गाडी जागीच मरते.

सुरुवात कोरड्या जागेवरून करा. पहिल्यावर उचला, चिखल लागायच्या आधीच दुसरा टाका आणि मग पलीकडं जाईपर्यंत गिअरला हात लावू नका. क्लचवरून पाय पूर्ण काढा. अर्धा क्लच दाबून गाडी रांगवायची सवय असलेल्यांच्या प्लेटा सगळ्यात आधी जातात. एक्सलेटर एका जागी धरा. बैलगाडी चालते तसा एकसारखा रेटा हवा. वेग साधारण माणूस पळतो तेवढा. जास्त वेगात चिखल उडतो, काच झाकली जाते आणि खालचा दगड लागला तर जोरात लागतो.

चाकोरी असेल तर आधी ठरवा. तिच्यात उतरायचं की वरून जायचं? चाकोरी उथळ आणि तळ घट्ट असेल तर सरळ तिच्यातून जा, ती गाडीला रुळासारखी धरते. खोल असेल तर एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेच्या उंच भागावर ठेवून जा, पोट वाचतं. मधूनच चाकोरी सोडायची नाही. सोडायचीच झाली तर तिरपी नको, ती उथळ होते तिथं स्टेअरिंग चांगलं फिरवून एकदम बाहेर निघा. चाकोरीत असताना स्टेअरिंग किती फिरलंय हे कळत नाही, कारण गाडी तरी सरळच जाते. चाकं वळलेली राहिली की चाकोरी संपल्याबरोबर गाडी उडी मारून बांधावर. अधूनमधून खिडकीतून पुढचं चाक बघा.

वेग कमी व्हायला लागला तर स्टेअरिंग डावी-उजवीकडं थोडं-थोडं हलवा. टायरचे काठ कडेच्या ताज्या मातीत धरतात आणि बरेचदा तेवढ्यानं गाडी निघते. मागचं अंग घसरलं तर ते ज्या बाजूला गेलंय त्याच बाजूला स्टेअरिंग, पाय एक्सलेटरवरून हळू उचला, ब्रेक नको. उतारावर तर ब्रेक मुळीच नको, पहिल्या गिअरवर इंजिनच गाडी धरून ठेवतं.

आणि गाडी थांबली की तुम्हीही थांबा. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही, हे कळायला दोन सेकंद पुरतात. तिसऱ्या सेकंदापासून तुम्ही खड्डा खणत असता. बोलेरोची मागची चाकं मी पंधरा मिनिटं फिरवली होती. उतरून बघितलं तेव्हा आस मातीत बसलेला आणि टायरच्या मागं चिखलाचा लांबच लांब ढीग, नांगरल्यासारखा.

रुतलीच तर

जळका वास आला असेल तर इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून वीस मिनिटं थांबा. प्लेट थंड होऊ द्या. तापमानाच्या काट्याकडं लक्ष ठेवा, रेडिएटरसमोर चिखल भरला की इंजिन तापायला लागतं.

मग खोरं घ्या. गाडीत एक छोटं खोरं असावंच. चारही चाकांच्या पुढची माती काढा, मागची काढा आणि मुख्य म्हणजे पोटाखालची काढा. ओली काळी माती गाडीच्या तळाला चोखून धरते. तो धर तुटला नाही तर ट्रॅक्टरही नुसता दोर तोडतो. टायरच्या खाचांतली माती काडीनं उकरा. कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटं खोरं चाललं तर पुढचा तास वाचतो.

चाकाखाली काय घालायचं ते रानात जे असेल ते. तुराट्यांची पेंढी सगळ्यात छान, आडवी घातली की टायर तिच्यावर चढतो. कडबा, पालापाचोळा, मुरमाच्या पाट्या, चपटे दगड, सगळं चालतं. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) जपून, त्यांची तिरपी तुटलेली खोडं टायरच्या कडेत घुसतात, आणि कडेचं पंक्चर निघत नाही. बारदाना घालणार असाल तर चाकाच्या समोर आणि मागं कोणी उभं राहू नये, ओलं पोतं चाकात गुंडाळून फेकलं जातं. टायरला दोर गुंडाळायचा उपाय कोणीतरी सुचवतंच. कारला ते करू नका, रिमच्या आत ब्रेकचा पाइप असतो आणि सुटलेला दोर तो तोडतो.

बाहेर निघायची दिशा शक्यतो आलो तीच. मागची वाट माहीत असते, पुढची नाही. हलकेच मागं, हलकेच पुढं, असे झोके देत काढा. प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबल्यावरच गिअर बदला. बोलेरोसारख्या मागच्या जोराच्या गाडीत एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून बघा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की जोर दुसऱ्या चाकाकडं वळतो. हे युक्तीपुरतंच, निघाल्यावर हँडब्रेक सोडायला विसरू नका.

जॅक लावायची वेळ आली तर खाली फूटभर लांब-रुंद जाड फळी ठेवा, नाहीतर जॅकच जमिनीत जातो. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, चिखलात तर कधीच नाही.

ट्रॅक्टरनं ओढताना

गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान रुतताना होत नाही, ओढताना होतं. माणसांचंही. म्हणून इथं घाई नको.

दोर कुठं बांधायचा? बहुतेक कारमध्ये बंपरवर छोटं चौकोनी झाकण असतं. त्याच्या आत आटे असतात आणि टूलकिटमध्ये गोल डोळ्याचा हुक. तो पूर्ण आवळून बसवा, काही गाड्यांत आटे उलटे असतात. हा हुक घरीच एकदा लावून बघा, चिखलात बसून झाकण शोधायला नको. बंपर, टायरॉड, सस्पेन्शनचा हात, यांना दोर बांधला की ट्रॅक्टर ते तुकडे घेऊन जातो आणि गाडी तिथंच राहते. बोलेरो-पिकअपला चासीचा हुक वापरा.

साखळी आणि लोखंडी वायररोप शक्यतो नको. तुटली की चाबकासारखी येते. टो स्ट्रॅप किंवा जाड चांगला दोर घ्या, गाठीऐवजी शॅकल (लोखंडी कडी). दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाका, तुटला तर झटका खाली दाबला जातो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर करा. गावात गाडी रुतली की वीस जण जमतात आणि त्यातले पाच जण दोर ओलांडत असतात, त्यांना रागावायला लाजू नका.

ट्रॅक्टरच्या बाजूला दोर नेहमी खालच्या ड्रॉबारला (मागच्या ओढायच्या पट्टीला) बांधायचा. मागच्या आसापेक्षा वर, म्हणजे टॉपलिंकच्या (औजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधला आणि गाडी निघत नसेल तर ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि क्षणात तो मागं उलटतो, ड्रायव्हरच्या अंगावर. हे त्याला माहीत आहे असं धरून चालू नका. स्वतः वाकून बघा.

ओढताना सरळ रेषेत. दोर आधी सावकाश ताणून घ्या, मग ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये हळू. गाडीतल्या माणसानं इंजिन चालू ठेवायचं, कारण इंजिन बंद असेल तर स्टेअरिंग जड आणि ब्रेक कडक. चाकं सरळ, गिअर पहिला, ट्रॅक्टरच्या चालीबरोबर हलका एक्सलेटर. झटके मारून ओढायची खोड अनेकांना असते. "जोर लावतो एकदाच" म्हणणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला नम्रपणे थांबवा.

बैलजोडी असेल तर मला आजही ती ट्रॅक्टरपेक्षा बरी वाटते. बैल झटका मारत नाहीत, ताण घेत घेत ओढतात. पण आता बैल आहेत कुठं?

वाटेत पाणी लागलं तर

ओढा किंवा नळकांडी पूल आडवा आला आणि वरून पाणी वाहत असेल तर परत फिरा. फूटभर वाहतं पाणी छोट्या कारला तरंगवू शकतं, दोन फूट बहुतेक गाड्यांना. गढूळ पाण्याखाली पुलाचा कठडा उरलाय की नाही हे वरून दिसत नाही. साचलेलं, न वाहणारं पाणी अर्ध्या टायरपर्यंत असेल तर पहिल्या गिअरवर हळू, मध्ये न थांबता. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारल्याबरोबर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला दाखवा.

मोटारसायकलवाल्यांसाठी

पुढचं मडगार्ड आणि टायर यांच्यात काळी माती भरली की चाक जाम होतं, गाडी घसरण्याऐवजी जागीच रोवली जाते आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. म्हणून गावाकडं पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढून ठेवतात. पिशवीत खुरपं ठेवा, चाक जड लागलं की उतरून माती काढा. मागं बसलेल्याला चिखलाच्या पट्ट्यात उतरवा. दोन्ही पाय खाली, दुसरा गिअर, पुढच्या ब्रेकला हात नको.

घरी आल्यावर

काळी माती ओली असताना साध्या पाण्यानं जाते. दोन दिवसांनी ती वीट होते. म्हणून त्याच दिवशी धुवा, आणि वरचा पत्रा राहू द्या, आधी खालचं धुवा. सुकलीच असेल तर पाणी मारून अर्धा तास भिजू द्या, मग काढा. खुरप्यानं खरवडू नका. ड्राइव्हशाफ्टच्या रबरी बुटाला खुरप्याचं टोक लागलं की ग्रीस बाहेर आणि माती आत, आणि दोन-चार महिन्यांनी वळताना कट-कट आवाज सुरू.

रिमच्या आतल्या बाजूला बोटं घालून बघा. तिथं पाव-अर्धा किलो माती चिकटून सुकली की चाकाचा तोल जातो आणि ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थरथरायला लागतं. माझ्या ओळखीच्या एकानं यासाठी दोनदा अलाइनमेंट करून घेतली होती. तिसऱ्या ठिकाणी पोरानं रिमच्या आतून मातीचं ढेकूळ काढलं आणि पैसेही घेतले नाहीत.

रेडिएटरच्या जाळीत भरलेला चिखल इंजिन थंड झाल्यावर, कमी दाबाच्या पाण्यानं, जमेल तिथं आतून बाहेर धुवा. प्रेशरवॉशरनं जाळीची पातं आडवी होतात आणि हवा कायमची अडते. अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स आणि वायरींच्या जोडांवर दाबाचं पाणी नको. पुढच्या चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या आतली आणि दारांच्या खालच्या कडेची माती काढा. दाराची पाणी जायची भोकं तुंबली की पत्रा आतून गंजतो.

बीएसफोर-बीएससिक्स डिझेलवाल्यांनी सायलेन्सरच्या बाजूला अडकलेलं सोयाबीनचं काड, गवत, भूस हातानं काढावं. तो भाग फार तापतो आणि सुकलेलं काड पेट घेतं.

चाक पाण्यात बुडालं असेल तर बोलेरोच्या मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या आसामधल्या गिअरच्या डब्याचं) ऑईल तपासून घ्या. गरम डिफरन्शियल एकदम गार पाण्यात गेला की ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी आत ओढतो. ऑईल दुधाळ चहाच्या रंगाचं निघालं तर बदलायचंच. एअरफिल्टर उघडून बघा, ओला असेल तर नवा टाका. हँडब्रेक दोन-तीनदा ओढून सोडा, चिखलानं केबल अडकून बसते.

हे सगळं करायच्या आधी एक काम मात्र पांदण संपते तिथंच. डांबरीवर चढायच्या आधी थांबा, टायरमधले मोठे गोळे काडीनं पाडा, हवा भरा, आणि पहिल्या शंभर मीटरमध्ये ब्रेक हलके दाबत डिस्क-ड्रम सुकवून घ्या. टायरमधून सांडलेली काळी माती डांबरीवर पडली आणि वर शिंतोडा आला की मागून येणारा स्प्लेंडरवाला तिच्यावर हमखास पडतो. आमच्या गावच्या फाट्यावर दर पावसाळ्यात कोणीतरी पडतंच, आणि माती कुणाच्या टायरची होती हे कुणालाच कळत नाही.